नॉर्वेतल्या बर्गेनला क्रूझ एकच दिवस थांबणार आहे. सत्तरीच्या आईबाबांना घेऊन काय काय पाहता येईल?

जहाज सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार, आणि तुमच्या यादीत मासळी बाजार, फ्लॉयेनचा डोंगर, ब्रिग्गेन हा जुना लाकडी धक्का, वर एक फियॉर्डची, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीची, फेरी. मी इथेच राहतो, म्हणून स्पष्टच सांगतो: फियॉर्डची फेरी काढून टाका. नॉर्वेच्या क्रूझवर फियॉर्ड डेकवरून दिसतातच, त्यासाठी शहरातला अर्धा दिवस कशाला घालवायचा?

उतरल्यावर आधी आकाश बघा. डोंगर मोकळे दिसले तर सरळ फ्लॉयबानेन गाठा. १९१८ पासून चालणारी ही केबलवरची रेल्वे काही मिनिटांत फ्लॉयेनवर, ३२० मीटर उंचीवर नेते, आईबाबांना चढावं लागत नाही. बंदरात दोन-तीन जहाजं असली की दहानंतर तिथे मोठी रांग लागते, म्हणून हे सकाळीच उरका.

त्यानंतरचा वेळ ब्रिग्गेनला द्या, आणि भरपूर द्या. बहुतेक लोक त्या लाल-पिवळ्या लाकडी घरांसमोर फोटो काढतात आणि निघून जातात. खरं ब्रिग्गेन मागच्या बोळांत आहे. साधारण १३६० ते १७५४ इथे हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांची वखार होती. उत्तरेकडून, लोफोटेनच्या बाजूने, सुकवलेला कॉड यायचा आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचं. वर्सोव्याला बोंबील बांबूंवर वाळत घालतात, तसाच हा मासा लाकडी मांडवांवर, फक्त तिथल्या थंड वाऱ्यात वाळतो. मीठ अजिबात नाही. उत्तरेचे कोळी व्यापाऱ्यांकडून धान्य उधारीवर घ्यायचे आणि पुढच्या हंगामाचा मासा आधीच त्यांच्या नावे लागलेला असायचा. सावकारी कुठेही सारखीच.

वखारीत राहणारे सगळे पुरुष, लग्नाला मनाई. लाकडी इमारतींत आगीच्या भीतीने चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही, म्हणून शेकायला आणि जेवायला मागे वेगळ्या सभागृहांत जायचं. त्यांना शॉट्स्टुएने म्हणतात. एवढी काळजी घेऊनही १७०२ साली सगळं जळलं. आज दिसतात ती घरं त्यानंतर जुन्याच आराखड्यावर उभारलेली आहेत. १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बोळांत जमीन फळ्यांची आणि वाकडीतिकडी आहे, ओली झाली की घसरते. आईबाबांच्या पायात पकड असलेले बूट हवेत.

१९५५ साली पुन्हा आग लागली आणि ब्रिग्गेनचा एक भाग गेला. पण त्या राखेखाली उत्खनन झालं आणि मध्ययुगीन शहरच हाती लागलं. त्याच जागेवर ब्रिग्गेन संग्रहालय आहे. माझ्या मते शहरातली सर्वांत चांगली जागा हीच, आणि क्रूझचे लोक नेमकी हीच गाळतात. उत्खननात रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी कोरलेल्या शेकडो वस्तू मिळाल्या. त्यात व्यापाऱ्यांनी मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, प्रार्थना आहेत, चावट मजकूरही आहे. एका काठीवर एवढंच कोरलंय की गिडा म्हणते, घरी जा. त्याखाली कुणीतरी उत्तर खरडायचा प्रयत्न केलाय, पण ते लागत नाही. बहुधा गुत्त्यात बसलेला नवरा! शेजारीच बाराव्या शतकातलं मारिया चर्च आहे, बाहेरून पाहिलं तरी चालेल.

मासळी बाजारात हिंडा, जेवू मात्र नका. तिथले दर पर्यटकांसाठीचे आहेत. फिशसूप आतल्या गल्लीतल्या एखाद्या साध्या उपाहारगृहात घ्या. आईबाबा शाकाहारी असतील तर बेकरीतला शिलिंग्सबोले, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, कॉफीबरोबर छान लागतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

जहाज स्कोल्टन धक्क्याला लागलं असेल तर परतीच्या वाटेवरच बर्गेनहुस किल्ला आहे. तिथलं हॉकोन राजाचं दगडी सभागृह १२६१ साली त्याच्या मुलाच्या लग्नाच्या मेजवानीला वापरलं गेलं. १९४४ च्या एप्रिलमध्ये बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि त्याचं छप्पर उडालं. आता दिसतं ते पुन्हा बांधलेलं.

राहिला पाऊस. वर्षाचा आकडा जवळपास मुंबईएवढाच, फक्त इथे तो बाराही महिन्यांत वाटलेला. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीवाले रेनकोट आणा. सकाळीच ढग खाली उतरलेले असले तर फ्लॉयेनचं तिकीट काढू नका, वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. तो वेळ तळ्याकाठच्या ‘कोडे’ नावाच्या कलासंग्रहालयात घालवा, तिथल्या रास्मुस मायर संग्रहात नॉर्वेचा चित्रकार मुंक याची चित्रं आहेत, आणि बसायला बाकंही.