साठ मार्क म्हणजे फर्स्ट क्लास, पण वाईनला नाही

प्रश्न : आम्ही सोसायटीतल्या चौघी आणि आमचे नवरे फेब्रुवारीत नाशिकला वायनरी बघायला गेलो होतो. पहाटे पुण्यातून निघालो, तिथे पोचल्यावर आधी झणझणीत मिसळ, मग टूर, मग टेस्टिंग. सहा वाईन होत्या आणि हातात एक कागद दिला, प्रत्येक वाईनला शंभरपैकी मार्क द्या म्हणून. मला दोन्ही रेड घसा जाळणाऱ्या वाटल्या, त्यांना ३८ आणि ४० दिले, आणि शेवटची गोड पांढरी होती तिला ६५, सगळ्यात जास्त. एका मैत्रिणीच्या नवऱ्याने कसलासा वाईनचा कोर्स केलाय, तो माझा कागद बघून जो हसत सुटला तो चाकण येईपर्यंत हसतच होता. वर त्याच गोड वाईनची बाटली मी घरी आणली तर ती काकवी पाण्यात ढवळल्यासारखी लागली. माझी जीभच बाद आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जीभ ठणठणीत आहे हो तुमची, सगळा घोटाळा मिसळीचा आहे. मिरचीतलं तिखट आणि वाईनमधलं अल्कोहोल, दोन्ही तोंडात ‘भाजतंय’ ही एकच घंटी वाजवतात. मिसळीने ती आधीच वाजत ठेवलेली, त्यात १३-१४ टक्क्यांची रेड ओतली की जाळ होणारच, आणि रेड सालीबियांसकट आंबवतात म्हणून तिच्यात तुरटपणा असतो तो वेगळाच. मग शेवटी आली गार, गोड पांढरी. तिखट लागल्यावर आपण गुळाचा खडा शोधतो ना, तेच झालं, ६५ मार्क त्या खड्याला पडलेत. गोड वाईन शेवटी देतात ते बरोबरच आहे, कारण तिच्यानंतर साधी वाईन नुसती आंबट लागते, पण मिसळ खाऊन आलेल्यांसाठी हा क्रम म्हणजे ठरलेलाच निकाल.

आता मार्कांचं. आपल्याला शाळेपासून ३५ला पास आणि ६०ला फर्स्ट क्लास, त्या हिशोबाने तुम्ही ६५ देऊन कौतुकच केलंत. पण वाईनवाल्यांची शंभराची मोजपट्टी मुळात ५०पासून सुरू होते आणि ८०च्या खालचा आकडा कोणी जाहिरातीत छापत नाही, म्हणजे त्यांच्या भाषेत तुम्ही तुमच्या आवडत्या वाईनला जवळजवळ नापास केलंत, आणि ३८-४० हे आकडे तर त्या पट्टीवर नाहीतच. ते गृहस्थ बहुधा यालाच हसले असतील. हसू देत. रॉबर्ट हॉजसन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका वायनरीवाल्याने तिथल्या मोठ्या स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीन-तीनदा दिली आणि २००८ साली त्याचे निकाल छापले. तिन्ही वेळा साधारण तेच मेडल देणारे परीक्षक दहातला एक निघाला! तेव्हा कोर्सवाल्यांनाही म्हणावं, जरा दमाने.

मी स्वतः आकडे कधीच सोडलेत. माझ्या वहीत तीनच शेरे असतात : पैसे देऊन घेईन, कोणी दिली तर पिईन, नको. आणि शेजारी वास-चव आपल्या शब्दांत. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाईनला मी एकदा ‘कच्च्या पेरूची साल आणि चिरलेली ढोबळी’ असं लिहिलं होतं, शिराझ या रेडला ‘मिरपूड’. तुरट, कडसर, उग्र, गुळचट, मिळमिळीत असे इतके शब्द आपल्याकडे असताना ब्लॅककरंट कशाला लिहायचं, आपण कुठे खाल्लंय ते? फक्त एक पाळा, वाढणारा मुलगा तोंड उघडायच्या आत लिहून टाका. त्याने ‘लिची’ म्हटलं की सगळ्या टेबलाला लिचीच येते. एका ठिकाणी (नाव नको) मला रेडला पावसात भिजलेल्या पोत्याचा वास आला, वाढणारा म्हणे मॅडम ती अर्दी नोट आहे, म्हणजे मातकट वास. कसली नोट, बूच खराब होतं! मी हट्टाने दुसरी बाटली उघडायला लावली, तिला पोत्याचा मागमूस नव्हता.

ग्लास फिरवल्यावर कडेने ओघळ उतरतात त्यांना भुलू नका, ते अल्कोहोलमुळे असतात, वाईन भारी असल्याचा तो पुरावा नाही. आणि टेबलावर बादली ठेवलेली असते ती थुंकायलाच. पहिल्यांदा मलाही लाज वाटली होती, शेजारच्या काकू ‘अगंबाई, आवडली नाही का’ म्हणाल्या. पण तीस-तीस मिली धरलं तरी सहा वाईनचे १८० मिली झाले, मग सहावीला मार्क हात सैल सोडूनच पडतात. परत येताना गाडी कोण चालवत होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, तेव्हा चालवणाऱ्याने सरळ थुंकायचंही नाही आणि प्यायचंही नाही, नुसता वास घ्यायचा.

राहिली काकवी. ती वाईन बहुतेक लेट हार्वेस्ट असणार, म्हणजे घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात, साखर वाढू देतात. अशी वाईन गारेगारच प्यायची, ६ ते ८ डिग्रीला, कारण कोमट झाली की आंबटपणा मागे पडतो आणि गोडच गोड लागते. वायनरीत ती बर्फातून काढून दिली असेल, तुम्ही घरी ओट्यावरची तशीच ओतली असणार, आणि मार्च-एप्रिलमधला पुण्याचा ओटा म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. (रेडलासुद्धा आपल्या उन्हाळ्यात वीसेक मिनिटं फ्रीज दाखवावा, ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ती खोली युरोपातली.)

बाटलीत काही उरलं असेल तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये टाका, आठवडाभर तरी टिकेल. या रविवारी घरी मिसळ करा, रस्सा चांगला जहाल होऊ द्या, त्या मैत्रिणीला नवऱ्यासकट बोलवा, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, बरोबर एखादी रेडही तशीच गुंडाळलेली. दोन घास पोटात गेले की दोन्ही ओता आणि त्याच्यापुढे कागद सरकवा. कशाला किती दिले ते मला नक्की कळवा.