४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

तुम्ही विचारलंय की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ संख्या आहे का आणि कॉम्प्युटर न वापरता ते कसं ठरवायचं. मूळ नाही. ६४१ ने तिला पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो ६७००४१७. सराफ्यात दुकानदारांकडे असतो तसल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर गुणून बघा.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतली ही पुढची संख्या (दर वेळी आधीच्या संख्येतून १ काढायचा, वर्ग करायचा आणि १ मिळवायचा). पहिल्या पाचही मूळ आहेत, म्हणून फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं की पुढच्याही सगळ्या तशाच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ६४१ शोधून तो समज मोडला. सरळ भागत बसलात तर दमून जाल, पण हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तेव्हा तशा संख्यांतल्या मूळ तेवढ्याच तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते.

मी इथे इंदूरला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. त्यांना मी मुद्दाम दुसरी वाट दाखवते, कारण या संख्येचं खरं सौंदर्य तिथे आहे. ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तर उघडच दिसतं. पण ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग केला तरी हीच संख्या येते! मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत अशी दोन तऱ्हांनी कधीच मांडता येत नाही. म्हणजे एकही अवयव हाती नसताना ती मूळ नाही हे सिद्ध झालं.

ही दुसरी जोडी येते कुठून? ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिलेल्या नित्यसमानतेतून, म्हणजे कुठल्याही संख्यांना लागू पडणाऱ्या सूत्रातून: दोन वर्गांच्या बेरजेला तशाच दुसऱ्या बेरजेने गुणलं की पुन्हा दोन वर्गांची बेरीजच येते. ६४१ म्हणजे ४ आणि २५ च्या वर्गांची बेरीज, ६७००४१७ म्हणजे ४०९ आणि २५५६ च्या वर्गांची. आता तिरके गुणा:

२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४

वरच्या ओळीत बेरीज आणि खालच्या ओळीत वजाबाकी केली की ६५५३६ आणि १. चिन्हं उलटी केली की ६२२६४ आणि २०४४९. फळ्यावर तो १ उरतो ना, तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

उलटही जाता येतं. दोन्ही जोड्यांतल्या सम संख्या ६५५३६ आणि ६२२६४, विषम १ आणि २०४४९. त्यांचे फरक ३२७२ आणि २०४४८, या फरकांचा मसावि ८. त्यांच्याच बेरजा १२७८०० आणि २०४५०, या बेरजांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे केले की ४ आणि २५, त्यांच्या वर्गांची बेरीज ६४१. मात्र दुसरी जोडी हाताने शोधणं फार चिकाटीचं काम आहे, त्यामुळे नुसतं उत्तर हवं असेल तर ६४ च्या पटींनीच जा.