माशाच्या आतड्यात दिसलेले निळे धागे प्लास्टिकचेच, हे कसं ठरवायचं?

तुम्ही भीमेतल्या चिलापी आणि मृगळच्या आतड्यांत निळे धागे पाहिलेत आणि प्रोजेक्टमध्ये त्यांची नोंद ‘मायक्रोप्लास्टिक’ (पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण) अशी करू का, असं विचारलंय. आत्ताच करू नका. ते धागे तुमच्या शर्टाचेही असू शकतात. प्रयोगशाळेच्या हवेत कपड्यांचे तंतू सतत तरंगत असतात आणि या कामात सगळ्यात जास्त घोळ तेच घालतात.

म्हणून कोऱ्या नमुन्यापासून सुरुवात करा. दर खेपेला एक बीकर मासा न घालता, बाकी सगळं तसंच करून ठेवायचा. शिवाय चिरफाड चालू असताना शेजारी ओला फिल्टर पेपर पेट्री डिशमध्ये उघडा ठेवायचा. माशात पाच निळे धागे आणि कोऱ्या बीकरमध्ये चार, असं निघालं तर तुमच्या हाती काहीच लागलेलं नाही. अंगात पांढरा सुती कोट हवा, पंखा बंद हवा, भांडी काचेची आणि झाकायला अॅल्युमिनियम फॉइल. ज्या जाळ्यातून मासा आला त्या जाळ्याचा तुकडाही जपून ठेवा. नायलॉनचा तंतू सापडला तर तो ताडून पाहता येतो.

मृगळ, रोहू, कटला यांना खरं जठर नसतं. त्यामुळे ‘पोट’ शोधत बसू नका, घशापासून गुदद्वारापर्यंत सगळी नळी घ्या. दोन्ही टोकं सुती दोऱ्याने बांधून मगच कापा आणि बाहेरून गाळलेल्या पाण्याने धुवा.

मांस विरघळवायला 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे 100 ग्रॅम विरघळवून एकूण द्रावण 1 लिटर. गोळ्या पाण्यात हळूहळू टाका, द्रावण खूप तापतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच. हे द्रावण वापरण्याआधी 1.2 मायक्रॉनच्या ग्लास फायबर फिल्टरमधून गाळून घ्या. आतड्याच्या आकारमानाच्या किमान तिप्पट द्रावण घालून 40 अंश सेल्सिअसला 48 ते 72 तास ठेवा, अधूनमधून हलवा. घाई करून तापमान वाढवलं तर पॉलिएस्टर झिजू लागतं, म्हणजे जे शोधतोय तेच हातचं जातं.

मृगळ तळातला गाळ खातो. मांस विरघळलं तरी वाळू आणि वनस्पतींचे तुकडे उरतात आणि फिल्टर तुंबतो. अशा वेळी आधी स्टीलच्या बारीक चाळणीवर भरपूर धुवून घ्या (नायलॉनची जाळी नको), मग घनतेने वेगळं करा. मिठाचं संपृक्त द्रावण, लिटरभर पाण्याला साधारण 360 ग्रॅम, स्वस्त पडतं. पण त्याची घनता 1.2 आणि पॉलिएस्टरची 1.38, म्हणजे कपडे धुताना सुटणारे तंतू त्यात तळाशीच बसतात. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन तेवढं वर येतं. तंतूच शोधायचे असतील तर 1.6 घनतेचं झिंक क्लोराइड घ्या. मात्र नमुन्यात आधीच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची अल्कली उरली असेल तर पांढरा साका बसतो आणि सगळं त्यात लपतं. वापरलेलं द्रावण गाळून पुन्हा वापरा, मोरीत ओतू नका.

आता ते निळे धागे. कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. पॉलिएस्टरचा टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. तापलेली सुई जवळ नेली की प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं, कापूस तसा करत नाही. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू) मात्र दिसायला गुळगुळीत आणि तरीही न वितळणारा, तिथे डोळा फसतो. अर्धा मिलिमीटरपेक्षा लहान कणांबद्दल नुसत्या नजरेवर विसंबू नका. संशयित कणांपैकी निदान काही एफटीआयआर तपासणीला (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखण्याची पद्धत) पाठवा आणि ‘इतके पाहिले, त्यांतले इतके पक्के ठरले’ असं स्पष्ट लिहा.

किती मासे घ्यावेत? फ्रान्सच्या नद्यांमधल्या गजन (gudgeon) या लहान माशांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 12 टक्के माशांत मायक्रोप्लास्टिक आढळलं. आपल्याकडे तेच प्रमाण धरलं, तर पाच मासे तपासून एकातही काही न सापडण्याची शक्यता 53 टक्के असते. तीस घेतले तर ती 2 टक्क्यांवर येते. एका जातीचे तीस मासे जमत नसतील तर दोन जातींचा हट्ट सोडा आणि मृगळच पुरा करा.