वासापासून जपून

इन्स्टॉलेशन, म्हणजे प्रेक्षक आत शिरून अनुभवतात अशी कलाकृती, पहिल्यांदाच मांडत असाल तर तिच्यात प्रकाश, आवाज, वास, स्पर्श असं सगळं कोंबू नका. मी तेच केलं होतं. लोक दोन मिनिटांत डोकं धरून बाहेर. एक संवेदना मुख्य धरा, बाकीच्या तिच्या मागे. कलाकार ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात 'द वेदर प्रोजेक्ट' मांडला, त्यात काय होतं? पिवळे दिवे, धुकं आणि छताला आरसे. तेवढ्यावर लोक जमिनीवर आडवे पडून वर बघत राहायचे.

सगळ्यात हट्टी म्हणजे वास. दिवा, स्पीकर बंद करता येतो. वास पडद्यांत मुरतो, शेजारच्या दालनात घुसतो. शिवाय नाक काही मिनिटांतच त्याला सरावतं. म्हणून थांबून थांबून सोडा, आणि किती झाला हे स्वतः ठरवू नका. बाहेरून कुणाला तरी बोलवा, तुमचं नाक केव्हाच बधिर झालेलं असतं.

अंधार हवा असेल तर आत येणारी वाट हळूहळू काळोखी करत न्या, डोळ्यांना वेळ लागतो. धुक्याचं यंत्र लावण्याआधी इमारतीच्या धुराच्या अलार्मची चौकशी करा (मला कसं कळलं ते विचारू नका). लखलखणारे दिवे असतील तर पाटी दाराबाहेरच हवी; अपस्मार असलेल्या काहींना त्यांनी झटका येऊ शकतो.