गोळी, भूक आणि अमळनेरची सुट्टी

ताई, तुमचा मेसेज वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, चुळबुळ फार, त्या त्रासाची) गोळी सुरू झाल्यापासून शाळेचा डबा जसाच्या तसा परत येतो, आणि मे महिन्यात अमळनेरला जायचंय तर सासूबाई व्हिडिओ कॉलवर आत्तापासूनच म्हणतायत, "आठे उना का खाई तो", म्हणजे इथे आला की खाईल तो. त्यांची माया मला कळते, पण भूक अशी हवापालटाने येत नाही हो.

मिथिलफेनिडेटसारख्या गोळीने भूक मरते आणि तीही नेमकी दुपारच्या डब्याच्या वेळी, मग संध्याकाळी गोळीचा असर उतरला की हेच पोर फ्रीज उघडून उभं. म्हणून गोळीच्या आधी भरपेट नाश्ता द्या, तूप-पोळी, केळं-दूध, जे खातो ते. रात्री नऊला मागितलं तरी द्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून बघू शकतात.

पण मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच वाक्याची. गोळीच्या आधीपासूनच तो पाच-सहा पदार्थच खातो, कोरडी शेव चालते पण शेवभाजीत भिजली की ताट ढकलतो. हे लाड नाहीत ताई. आर्फिड नावाचा एक खाण्याचा विकार असतो, २०१३ मध्ये डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत आला. ह्यात पोराला बारीक व्हायचं नसतं, तर पदार्थाचा वास, लिबलिबीतपणा सोसत नाही, किंवा घशात अडकेल ही भीती, किंवा भूकच जाणवत नाही. एडीएचडी आणि ऑटिझमच्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. आपलं भरीतच बघा ना, धुराचा वास, वांग्याचे धागे, मधेच बी, मधेच मिरची, एक घास दुसऱ्यासारखा नाही. बिस्कीट मात्र दरवेळी तेच, तसंच. म्हणून तो बिस्किटाकडे जातो. आता त्याला आर्फिडच आहे का ते तपासूनच कळेल, मेसेजवरून मी ठरवणार नाही.

तोवर "एक घास आजीचा" बंद करा, जबरदस्तीने भीती वाढते. त्याचं नेहमीचं खाणं ताटात असू दे, शेजारी नवीन काहीतरी चिमूटभर, खाल्लं नाही तरी कुणी काही बोलायचं नाही. सासूबाईंशी हे तिकडे पोचायच्या आधीच तुमच्या मिस्टरांनी बोलावं, सुनेने सांगितलं की वेगळं ऐकू येतं. त्याचे ठरलेले पदार्थ बॅगेत न्या. दालबट्टीतली कोरडी बट्टी, वरण वेगळ्या वाटीत, एवढं जमू शकतं. लग्नाच्या पंगतीत बसवायचा हट्ट नको.

तुम्ही इंग्लंडमध्ये आहात, तिथल्या नाइसच्या (उपचार कसे करावेत हे ठरवणारी संस्था) गाइडलाइनप्रमाणे गोळी घेणाऱ्या दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजायची असते, होत नसेल तर मागून घ्या. आठवडाभर काय खाल्लं, किती वाजता, गोळी कधी घेतली हे लिहून न्या. वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, किंवा होते तेही पदार्थ तो सोडत असेल तर सुट्टीची वाट बघू नका, ह्याच आठवड्यात जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला फोन करा.