प्रश्न तुमचे, कागद माझे: चीनला माल पाठवताना बाँडेड गोदाम की थेट आयात?

*या वेळच्या टपालात चीनचेच प्रश्न जास्त निघाले. बारा वर्षं शांघायच्या वायगाओच्याओ भागात एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, कागद सांभाळण्यात गेली, त्या पुंजीवर उत्तरं देते आहे. बाँडेड गोदाम म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालचं, ड्यूटी न भरता माल ठेवायचं गोदाम. वाचकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.*

प्रश्न: ताई, आम्ही पंपांचे सील, बेअरिंग, शाफ्टच्या स्लीव्ह असे सुटे भाग बनवतो. शांघायजवळच्या एका कारखान्याला गेली दोन वर्षं आमचा माल जातो. आतापर्यंत ते स्वतःच आयात करायचे. आता म्हणतात, चारशे प्रकारचे भाग तुम्हीच शांघायच्या बाँडेड गोदामात आणून ठेवा, आम्ही लागतील तसे घेऊ आणि ड्यूटीही तेव्हाच भरू. यात दोघांचाही फायदा आहे म्हणे. करावं का?

उत्तर: दोघांचाही फायदा आहे असं सांगणारा माणूस स्वतःचा फायदा आधी मोजून आलेला असतो. तुमच्या गिऱ्हाइकाने काय मोजलं असेल ते बघू.

आज ते माल विकत घेतात, ड्यूटी आणि व्हॅट भरतात आणि भाग त्यांच्या रॅकवर पडून राहतात. पैसा अडकतो तो त्यांचा. उद्या तोच माल बाँडेड गोदामात तुमच्या मालकीचा म्हणून पडून राहील. त्यांनी मागणी केली की एक-दोन दिवसांत त्यांच्या दारात, पण बिल तेवढ्याच भागांचं. साठा तुमचा, भाडं बहुधा तुमचं, न खपलेल्या मालाची काळजीही तुमची. तुम्हाला काय, तर ‘दीर्घ संबंध’. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

तरीही मी नाही म्हणत नाहीये. फक्त ज्या कारणासाठी लोक बाँडेडच्या प्रेमात पडतात, ते कारण फार पोकळ असतं. ‘ड्यूटी नंतर भरायची’ हे ऐकायला गोड लागतं. जरा पेन्सिल घ्या.

समजा माल 10,00,000 युआनचा आहे, म्हणजे भाडं आणि विमा धरून चिनी बंदरापर्यंतची किंमत. ड्यूटी उदाहरणादाखल 8 टक्के धरू, तुमचा खरा दर एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या कस्टम्स क्रमांकावर, ठरेल. ड्यूटी झाली 80,000. व्हॅट लागतो किंमत अधिक ड्यूटी या बेरजेवर, म्हणजे 10,80,000 वर 13 टक्के: 1,40,400. एकूण 2,20,400 युआन. थेट आयातीत हे सगळं पहिल्याच दिवशी जातं. माल सहा महिन्यांत सारखा सारखा खपला, तर हा पैसा सरासरी तीन महिने अडकला. 6 टक्के व्याज धरलं तर नुकसान किती? साधारण 3,300 युआन. त्यातही व्हॅट भरणारी चिनी कंपनी आयातीवरचा व्हॅट पुढच्या विक्रीच्या व्हॅटमधून वळता करून घेते, म्हणजे खरं नुकसान त्याहून कमी. या तीन हजारांसाठी बाँडेडमध्ये दोनदा कागद करायचे, चारशे प्रकारांचा हिशेब ठेवायचा आणि गोदामवाल्याचं हाताळणीचं बिल भरायचं? गणित बसत नाही.

गणित बसतं ते दुसऱ्या जागी. माल चीनमध्ये खपेल की नाही हेच ठाऊक नसेल तर. सुट्या भागांचं नेमकं तसंच असतं. चारशेपैकी साठ-सत्तर प्रकार दर महिन्याला जातात आणि उरलेले वर्षानुवर्षं धूळ खातात. पण त्यातलाच एखादा नसला तर पंप बंद पडतो, म्हणून ठेवावे तर लागतात. समजा वरच्या मालातला चार लाखांचा माल कधीच गेला नाही. थेट आयात केली असेल तर त्यावरची 32,000 ड्यूटी गेली ती गेलीच. चिनी कायद्यात भरलेली ड्यूटी परत मिळण्याची सोय आहे, पण ती दर्जात किंवा मापात खोट निघाली म्हणून, किंवा हाताबाहेरच्या आपत्तीमुळे, माल एका वर्षाच्या आत होता तसा परत पाठवला तर. ‘खपला नाही’ हे कारण त्या यादीत नाही. बाँडेडमधला माल मात्र चीनमध्ये शिरलेलाच नसतो. तो परत बोलवा, व्हिएतनामच्या गिऱ्हाइकाला पाठवा, ड्यूटीचा प्रश्नच येत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर मालाचे दोन वाटे केले असते. जे साठ-सत्तर प्रकार नेमाने जातात, ते त्यांनी पूर्वीसारखे थेट आयात करावेत, त्यांच्या पैशाने. उरलेले बाँडेडमध्ये, आणि तेही एका अटीवर: बारा महिन्यांत न हललेल्या मालापैकी ठरलेला हिस्सा त्यांनी उचलायचा, नाहीतर परतीचं भाडं द्यायचं. ही अट ऐकून गिऱ्हाईक गप्प झालं, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि एक ताकद तुमच्या हातात येते, ती विसरू नका. गोदामातून माल सोडण्याची सूचना तुमची. पैसे आधी, मग सूचना. उधारीवर थकवणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना हे फार उपयोगी पडतं.

आता कागद, कारण बाँडेडमध्ये माणसं बुडतात ती इथेच. तिकडे दोन रेषा मानतात. परदेशातून झोनमध्ये, म्हणजे बाँडेड गोदामं असलेल्या कस्टम्सच्या खास क्षेत्रात, शिरताना ओलांडायची ती ‘यीशिएन’, पहिली रेषा. झोनमधून चीनच्या बाजारात उतरताना ‘अरशिएन’, दुसरी. पहिल्या रेषेवर माल कस्टम्सच्या खातेवहीत नोंदून चढतो, ड्यूटी नाही. दुसऱ्या रेषेवर तुमचं गिऱ्हाईक आयातदार म्हणून घोषणा करतं आणि ड्यूटी, व्हॅट भरतं. खातेवहीत जसा चढला तसाच माल उतरला पाहिजे. नाव, कोड, एकक, सगळं तसंच.

हे मी फटका खाऊन शिकले. एकदा असेच सील आले होते. बीजकावर ‘120 सेट’, एका सेटमध्ये पाच रिंगा. मीही डोळे मिटून खातेवहीत सेट चढवले. तीन आठवड्यांनी कारखान्याचा फोन, पंप बंद आहे, मधल्या मापाची एकच रिंग पाठवा. एक रिंग निघेना! खातेवहीत सेट होता, त्यामुळे उतरणार तर सेटच. एकक दुरुस्त करायला नऊ दिवस लागले. तोवर त्या लोकांनी वैतागून अख्खे दोन सेट ड्यूटी भरून घेतले आणि चार-चार रिंगा कपाटात टाकल्या. साहेबांनी मला बोल लावला नाही, पण नंतर कित्येक महिने मला ‘सेट बाई’ म्हणून हाक मारायचे. तेव्हा तुमचं बीजक पहिल्यापासूनच नगावर करा, आणि गिऱ्हाईक ज्या भाग-क्रमांकाने मागणी करतं तोच क्रमांक पॅकिंग लिस्टवर छापा.

आणखी एक बारीक गोष्ट, पण कधीकधी सगळं उलटंपालटं करणारी. ड्यूटीचा दर झोनमध्ये शिरतानाचा नाही, दुसऱ्या रेषेवर घोषणा होते त्या दिवसाचा लागतो. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने अमेरिकी मालावरची जादा ड्यूटी बघता बघता 125 टक्क्यांवर नेली. 14 मेपासून ती 10 टक्क्यांवर आली. ज्यांचा अमेरिकी माल बाँडेडमध्ये होता, ते तो महिना हात राखून बसू शकत होते. थेट आयातीत माल धक्क्याला लागल्यावर इतकं थांबणं परवडत नाही. दर वाढणार असतील तर हेच उलटं अंगावर येतं, हेही ध्यानात ठेवा.

आपला देश आरसेप या चीनसह झालेल्या मोठ्या प्रादेशिक व्यापार करारात नाही, पण भारत आणि चीन दोघेही आशिया-पॅसिफिक व्यापार करारात आहेत. त्यात तुमच्या कोडला सवलतीचा दर आहे का ते बघून घ्या. असेल तर उगमाचं, म्हणजे माल भारतात बनल्याचं, प्रमाणपत्र माल निघतानाच काढून ठेवा. गोदामातून माल काढायच्या दिवशी ते शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. प्रमाणपत्रालाही मुदत असते. बाँडेडमध्ये माल निवांत पडतो आणि मुदत मात्र पळत राहते. शिवाय न विकलेला माल परदेशात ठेवणार आहात, तेव्हा निर्यातीचे पैसे किती दिवसांत आणावे लागतील, हे तुमच्या बँकेला आधी विचारा.

प्रश्न: आमचं आयुर्वेदिक केसांचं तेल आणि चेहऱ्याचं क्रीम आहे. शांघायचा एजंट म्हणतो, बाँडेड गोदामात ठेवलं की नोंदणी लागत नाही, ड्यूटी शून्य, लेबलही बदलायला नको. एवढं सोपं आहे का?

उत्तर: एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय.

तुम्हाला सांगितलेली सोय आहे ती क्रॉस-बॉर्डर ई-कॉमर्सची. कागदावर तिचा आकडा 1210. माल बाँडेड झोनमध्ये येतो आणि ग्राहक ऑनलाइन मागणी करतो. मागणी, पैसे आणि पोहोच या तिन्हींची माहिती कस्टम्सला जुळली की एकेक पाकीट त्याच्या घरी जातं. कायद्याच्या नजरेत ते त्याने स्वतःसाठी मागवलेलं सामान. म्हणून माल ठरवून दिलेल्या यादीत असला की पहिल्या आयातीची नोंदणी नाही, ड्यूटी शून्य, आणि व्हॅट ठरलेल्या दराच्या 70 टक्के, म्हणजे 13 च्या जागी 9.1. पण हा कर गिऱ्हाईक देतं त्या किरकोळ किमतीवर लागतो, तुमच्या बीजकावरच्या किमतीवर नाही. 200 युआनच्या बाटलीवर 18.20. बाटलीवर चिनी लेबल चिकटवावं लागत नाही, पण विक्रीच्या पानावर चिनीत माहिती द्यावीच लागते. एका माणसाला एका खरेदीत 5,000 युआन आणि वर्षाला 26,000 युआन ही मर्यादा 2019 पासून आहे.

एजंटने गाळलेलं अर्धं असं, की हा माल दुकानात ठेवता येत नाही, सलूनला विकता येत नाही, ग्राहकालाही पुढे विकता येत नाही. ‘आधी ऑनलाइन आणू, मग दुकानांत सोडू’ असा बेत त्याने सुचवला असेल, तर त्या माणसापासून लांब राहा. दुकानासाठी साधी आयातच हवी, चिनी भाषेत ‘ईबान माओयी’. त्यासाठी औषध प्रशासनाकडे नोंद लागते आणि चीनमधला एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. क्रीम साधं असेल तर नोंद करून भागतं. तेल मात्र ‘केस गळणं थांबवतं’ असं म्हणत असेल तर ते विशेष सौंदर्यप्रसाधनात जातं आणि रीतसर परवानगी घ्यावी लागते. गोरेपणाचा दावा करणाऱ्या क्रीमचंही तेच. बाटलीवरचं एक वाक्य तुमचा रस्ता बदलतं. घटक वनस्पतीही तिकडच्या वापरात असलेल्या घटकांच्या यादीत आहेत का, ते आधी तपासा. आपली भृंगराज-ब्राह्मी त्यांना ओळखीची असेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी 1210 ने थोडा माल पाठवा, कुठली बाटली पुन्हा मागवली जाते ते बघा, आणि तेवढीच नोंदणीला घाला. मुदत संपलेला माल मात्र नष्ट करायचा किंवा परत आणायचा, त्याचा खर्च आधी धरून ठेवा.

प्रश्न: एक फॉरवर्डर सांगतो की बाँडेडमध्ये माल एक वर्षच ठेवता येतो, दुसरा म्हणतो कितीही. कोण बरोबर?

उत्तर: दोघेही. झोनबाहेरच्या सुट्या बाँडेड गोदामात एक वर्ष, आणि कारण पटलं तर आणखी एक वर्षापर्यंत वाढ. सर्वसमावेशक बाँडेड झोनमध्ये मुदतच नाही, आणि असे झोन चीनभर दीडशेहून जास्त आहेत. तेव्हा ‘बाँडेड’ एवढंच ऐकून मान डोलवू नका, कुठल्या प्रकारचं ते विचारा.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं, ड्यूटी भरून आमच्या दारात माल द्या. आमची चीनमध्ये कंपनी नाही. जमेल?

उत्तर: तुमच्या नावावर जमणार नाही. तिकडे आयातदार म्हणून कस्टम्सकडे नोंदलेली चिनी संस्थाच लागते. मग कोणीतरी भाडोत्री आयातदार गाठून देतं. ड्यूटी तुम्ही दिली तरी पावती त्याच्या नावाची, आणि त्यावरचा व्हॅट वळता करून घेणार तोच. गिऱ्हाइकाला आयात स्वतःच्या नावाने करायला सांगा आणि हवं तर किमतीत सूट द्या, ते स्वस्त पडतं. आणि जहाज लागल्यापासून 14 दिवसांत घोषणा झाली नाही तर मालाच्या किमतीवर रोज दहा हजारांमागे पाच युआन दंड सुरू होतो, तीन महिने उलटले तर कस्टम्स माल विकू शकतं. कोणाच्या नावावर उतरवायचा हा वाद जहाज समुद्रात असताना घालू नका, निघायच्या आधी घाला.