बचत गटाने जुन्या प्लास्टिकपासून पाण्याच्या टाक्या, बादल्या बनवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की गावातला महिला बचत गट जुनं प्लास्टिक गोळा करून लोकांच्या गरजेच्या वस्तू, म्हणजे पाण्याच्या टाक्या, बादल्या वगैरे बनवायचं म्हणतोय तर जमेल का, मशीन कुठली घ्यावी. मी दाना बनवणाऱ्या युनिटमध्ये काम करतो (भंगारातला माल दळून, धुऊन, वितळवून त्याचे बारीक मणी करतात तो दाना) त्यामुळे जे रोज बघतो तेच सांगतो. काम जरूर करा, फक्त पिण्याच्या पाण्याची टाकी आणि घागर डोक्यातून काढून टाका.

भंगारात आलेल्या कॅनमध्ये आधी काय भरलेलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही, रंग, ॲसिड, ऑइल काहीही असू शकतं, आणि प्लास्टिक त्यातलं थोडंफार पिऊन घेतं, वरून कितीही धुतलं तरी सगळं निघत नाही. फवारणीच्या औषधाचे डबे तर बाजूलाच ठेवा, दळायला घालूच नका. एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या मालाचे नियम करणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये पेट (पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांपासून परत खाण्यापिण्याचं पॅकिंग करायला वाट करून दिली खरी, पण त्यासाठी लागणारी प्रक्रिया आणि टेस्टिंग मोठ्या प्लांटचं काम आहे, गावातल्या शेडमध्ये ते होणार नाही.

मग बनवायचं काय? जाड माल. घमेली, कुंड्या, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे फळ्या. फळीला मशीनही त्यामानाने साधी लागते, एक्सट्रूडरमधून (माल तापवून स्क्रूने पुढे ढकलणारं मशीन) वितळलेला माल लोखंडी साच्यात भरायचा आणि साचा पाण्याच्या हौदात गार करायचा. शेळ्यांच्या गोठ्यात मचाण करायला या फळ्या फार कामाच्या, लाकूड मुताने कुजतं, ही कुजत नाही, फक्त वरची बाजू खरबरीत ठेवा नाहीतर शेळी घसरते. बाक करणार असाल तर पाय जवळजवळ लावा कारण उन्हात तापून, वजनाने ही फळी मधे हळूहळू झोल धरते. आणि काळा मास्टरबॅच (रंग कोंबून भरलेले प्लास्टिकचे मणी) एवढा टाका की मालात त्यातला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, दोन-अडीच टक्के बसेल, मास्टरबॅचच दोन-अडीच टक्के टाकून भागत नाही, कार्बन ब्लॅक कमी पडला तर ऊन खाऊन माल तडकतो.

पण खरं काम मशीनचं नाहीच, निवडायचं आहे. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, एचडी (कॅन, डब्यांचं जाड प्लास्टिक) एकशेतीसलाच वितळतं, दोन्ही एकत्र गेलं तर फळीत न वितळलेले खडे राहतात आणि तिथूनच ती मोडते. पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) तर त्याहून वाईट, तापल्यावर त्यातून ॲसिडचा धूर निघतो, डोळे झोंबतात, छातीत जातो आणि मशीनचा स्क्रूही गंजतो. बादलीभर पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून तुकडे ढवळून बघा, एलडी (पातळ पिशव्यांचं), एचडी, पीपी (खुर्च्यांचं) तरंगतं आणि पेट, पीव्हीसी तळाला जातं. खुर्चीचा तुकडा बुडाला तर घाबरू नका, खुर्च्यांच्या पीपीत चुन्याची पावडर भरलेली असते म्हणून ती कधीकधी बुडते.

म्हणून माझं म्हणणं, पहिला पैसा निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीला, हातमोज्यांना आणि हवेशीर शेडला लावा, मशीन नंतर. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था 2008 पासून आहे, गटातल्या दोघीतिघींनी तिथे जाऊन त्या बायका नुसत्या हाताच्या स्पर्शाने आणि आवाजाने माल कसा ओळखतात ते बघून यावं, ते व्हिडिओ बघून येत नाही.

पातळ पिशव्या उरल्या तर त्या रस्त्याला जाऊ शकतात, मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन सरांची पद्धत आहे, गरम खडीवर पिशव्यांचे तुकडे टाकून मग डांबर घालतात, आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्याच्या कामाचे नियम ठरवणारी संस्था) 2013 ची गाइडलाइन पण आहे त्यावर. त्यासाठी आधी तुमच्या भागातल्या रस्त्याच्या ठेकेदाराशी बोला आणि तो किती घेणार ते ठरल्यावरच पिशव्या साठवा, उघड्यावर ढीग केलात तर पहिल्या वाऱ्यात सगळ्या शेतात जातील.